नंबराची पाकिटं, नावांचे पॅटर्न

टाके आणि टिपा : वाचकांचे प्रश्न, शिवणकाकूंची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की न्यू जर्सीतल्या एका कापडाच्या दुकानात मी अकरा वर्षं पॅटर्नच्या काउंटरवर उभी होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी ब्लाऊजचे गळे आणि मशीनचं तेलपाणी बाजूला ठेवते. पॅटर्न म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आपण ज्याला पेपर कटिंग म्हणतो तेच ते. फक्त छापलेलं, एकाच कागदावर पाच-सहा मापांचं आणि सोबत शिवायच्या सूचना असलेलं.

काकू, मी लेस्टरला राहते, इथे आल्यावर शिवायला शिकले. आमच्या शिवणाच्या ग्रुपात दर महिन्याला एकच वाद होतो. एक मैत्रीण म्हणते, एकट्यादुकट्या बायकांनी घरून पॅटर्न काढायला सुरुवात केली म्हणून सिम्प्लिसिटी, मॅकॉल्ससारख्या मोठ्या कंपन्या सुधारल्या. दुसरी म्हणते, सुधारल्या कसल्या, या बायकांच्या कल्पना उचलल्या. तुम्ही काउंटरच्या मागून पाहिलंय. खरं काय? – एक वाचक, लेस्टर

दोघी कपड्याकडे बघतायत, म्हणून वाद मिटत नाही. कपड्यात उचलण्यासारखं असतं किती? गोल घेराचा स्कर्ट कुणाचा? रॅप ड्रेस कुणाचा? मोठ्यांनी छोट्यांकडून काही घेतलं असेल तर ती बाईशी बोलायची रीत. आणि ती घ्यायलाही त्यांनी बराच वेळ लावला.

आमच्या दुकानात तिरक्या टेबलांवर कंपन्यांचे जाडजूड कॅटलॉग असायचे, समोर उंच स्टुलं. बाई येणार, पानं उलटणार, नंबर चिठ्ठीवर लिहिणार आणि माझ्याकडे येणार. मी लोखंडी ड्रॉवर ओढून पाकीट काढून देणार. सगळा व्यवहार नंबराचा. पाकिटावर अठरा-वीस डॉलर छापलेले असले तरी सेलच्या दिवशी ते दोन डॉलरला जायचं, म्हणून बायका दहा-दहा उचलायच्या. त्यातली किती पाकिटं घरी जाऊन उघडली जायची, देव जाणे. व्होग या कंपनीची मोठ्या डिझायनरांची पाकिटं सोडली तर हा पॅटर्न कुणी काढला हे कुठेच लिहिलेलं नसे. विचारावं असं मलाही कधी वाटलं नाही.

२०१३ साली एक मुलगी आली. हातात पाकीट नव्हतं, घरच्या प्रिंटरवर छापून चिकटपट्टीने जोडलेल्या कागदांची गुंडाळी होती. म्हणाली, ‘आर्चरसाठी शर्टिंग दाखवा.’ मी सवयीने नंबर विचारला. ती हसली, ‘नंबर नाही, नुसतं आर्चर.’ घरी जाऊन लेकीला विचारलं तेव्हा कळलं, की शिकागोच्या ग्रेनलाइन स्टुडिओचा हा शर्ट, आणि तो काढणारी जेन बीमन ही बाई आपण तो कसा शिवला ते स्वतः सांगते. मग असल्या गुंडाळ्या दर आठवड्याला दिसायला लागल्या. व्हँकुव्हरच्या सूहोलिकने तर आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं कपड्यांना दिली होती, पेंड्रेल ब्लाऊज, रेनफ्रू टॉप. आपल्याकडे कुणी ब्लाऊजला ‘लक्ष्मी रोड’ आणि परकराला ‘कुमठेकर’ म्हणावं तसं! पण नाव आलं की माणूस त्याबद्दल बोलू शकतो. ‘माझा आर्चर झाला, तुझा कुठवर आलाय?’ असं दोन मैत्रिणी म्हणू शकतात. चार आकडी नंबराबद्दल असं कोण बोलेल?

दुसरी गोष्ट सूचनांची. मोठ्यांच्या पाकिटात एक-दोन मोठे घडी घातलेले कागद असतात. त्यावर चार प्रकारचे कपडे कोंबलेले, शिवाय बऱ्याचदा तेच सगळं दुसऱ्या एका भाषेत. कागद वाढला की खर्च वाढतो, त्यामुळे ‘बाही जोडा’ या दोन शब्दांत बाही जोडून मोकळे. ज्या बाईला बाही जोडता येत नाही तिने काय करावं? फाइल विकणाऱ्या छोट्या मंडळींना कागदाची चिंता नव्हती. त्यांनी पायरीगणिक फोटो टाकले. माँट्रियलच्या क्लोसेट कोअरने, तेव्हा नाव क्लोसेट केस होतं, २०१४ मध्ये जिंजर नावाची जीन्स काढली. जीन्सचे पॅटर्न आमच्या ड्रॉवरमध्ये कैक वर्षं पडून होते, पण समोरच्या चेनची प्लॅकेट, म्हणजे चेन झाकणारी पट्टी, बघून बायका परत ठेवून द्यायच्या. जिंजरमध्ये नवीन काय होतं? जीन्स जीन्सच होती. पण त्या चेनपाशी कुणीतरी तुमचा हात धरून बसलं होतं. त्या वर्षी माझ्याकडे साध्या साध्या बायका डेनिमच्या सुया आणि तांब्याचे रिव्हेट मागायला लागल्या. लंडनची टिली वॉल्न्स तर २०१३ला टीव्हीवरच्या शिवणाच्या स्पर्धेत दिसली होती, तुम्ही तिकडच्याच म्हणजे तुम्हाला माहीत असेल. तिच्या टिली अँड द बटन्सच्या सूचना पहिल्यांदा मशीनवर बसलेल्या बाईसाठी लिहिल्यात, हे पहिल्या ओळीत कळतं.

मोठ्यांना हे सगळं दिसत होतं. काही वर्षांनी मॅकॉल्सच्या पॅटर्नना नंबराबरोबर नावं आली, मागे कंपनीचं नाव जोडून, हॅशटॅगसकट. बटरिक या दुसऱ्या मोठ्या कंपनीने ‘गर्टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, शिवणाचा ब्लॉग लिहिणाऱ्या ग्रेचेन हर्शला बोलावून तिच्या नावाची मालिका काढली. पुढे तिनेच बाहेर पडून स्वतःचे चार्म पॅटर्न्स सुरू केले, म्हणजे वारं दोन्हीकडून वाहतं. सिम्प्लिसिटीने मिमी जी या अशाच एका ब्लॉगवालीचं नाव पाकिटावर छापलं. आणि २०२२मध्ये ‘नो मी’ नावाचा अख्खा नवा ब्रँड काढला, ज्यात प्रत्येक पाकिटावर काढणाऱ्या माणसाचं नाव आहे. मी काउंटरवर होते तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आता थोडं मागचं, कारण तुमच्या मैत्रिणींना वाटतंय की हे परवापरवा सुरू झालं. मोठ्या कंपन्या काही जन्मतः मोठ्या नव्हत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा एबेनेझर बटरिक हा शिंपी. त्याने १८६३मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न घरीच कापून विकायला सुरुवात केली. मॅकॉल हाही शिंपीच, मूळचा स्कॉटलंडचा, त्याने १८७०मध्ये न्यूयॉर्कला धंदा उघडला. सिम्प्लिसिटी १९२७ची, पंधरा सेंटात पॅटर्न देऊन तिने जुन्यांची झोप उडवली. तेव्हा मोठ्यांना टोचायला कुणीतरी छोटं कायमच होतं.

मला सर्वांत मोठा बदल वाटतो तो मात्र १९६७चा, आणि त्याबद्दल हल्लीच्या मुली बोलतच नाहीत. ताणणारं, बनियनसारखं विणलेलं कापड घरच्या मशीनवर शिवताच येत नाही असं तेव्हा बायका धरून चालायच्या. टीप ताणली की दोरा तुटतो, टाके सुटतात. स्वीडनहून मिनियापोलिसला आलेल्या केर्स्टिन मार्टेन्सन यांनी क्विक सू ही पॅटर्नची कंपनी सुरू केली, आणि तिकडे ओरेगॉनमध्ये अ‍ॅन पर्सन यांनी स्ट्रेच अँड सू. दोघी वर्ग घ्यायच्या, टीप ताणून कशी मारायची ते बायकांना हाताने दाखवायच्या. क्विक सूचा कागद जाड पांढरा आणि शिलाईची जागा फक्त पाव इंच, कारण टी-शर्टला पाऊण इंच दाब ठेवून करायचंय काय? पुढे १९७०च्या दशकात मोठ्यांच्या पाकिटांवर ‘फक्त ताणणाऱ्या कापडासाठी’ असं छापून यायला लागलं आणि सोबत ताण मोजायची पट्टी. अखेर २०११मध्ये मॅकॉलने क्विक सू विकतच घेतलं. त्यानंतरची जी पाकिटं माझ्या हातून गेली त्यात तो पांढरा जाड कागद नव्हता, इतरांसारखाच पातळ टिश्यू होता. मला त्याचं वाईट वाटलं होतं. कागदासाठी कुणाला वाईट वाटतं, असं आमचे हे म्हणाले.

माझी वहिनी सांगते की छोट्यांचेच पॅटर्न घ्यायचे, मोठ्यांचे अंगाला बसतच नाहीत. काकू, मी भरल्या अंगाची आहे. छोट्यांना माझ्यासारख्यांची जास्त काळजी आहे हे खरं का? – एक वाचक, टोरांटो

आधी माझीच फजिती सांगते. अमेरिकेत गेले त्या वर्षी, १९९२ला, मी एका मोठ्या कंपनीचा पॅटर्न आणला. कंपनीचं नाव राहू दे. सांगलीला मी झारापकर पद्धतीने कटिंग शिकलेली, चार वर्षं क्लास घेतलेले, त्यामुळे तोरा काय विचारू नका. पाकिटामागच्या तक्त्यात छातीचं माप बघितलं, त्या नंबराच्या रेषेवर कापलं, शिवलं. अंगात घातला तर ड्रेस नव्हे, मांडव! काखेत माझा मुलगा मावला असता. चूक माझीही होती. तक्त्यातलं माप अंगाचं असतं. तयार कपड्याचं माप वेगळं छापलेलं असतं, टिश्यूवरच, छातीच्या उंचीला गोलात अधिकचं चिन्ह काढून. त्या दोन मापांतला फरक म्हणजे ढिलाई. आपल्या ब्लाऊजमध्ये ढिलाई जवळपास नसते, त्यांच्या सैल ड्रेसमध्ये चार-पाच इंचही असते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या सूचनांच्या कागदाने तर नाहीच.

आता तुमचा प्रश्न. जेनी रशमोर या बाईंनी बॉस्टनजवळ २०१५मध्ये कॅशमरेट सुरू केलं, पहिला पॅटर्न अ‍ॅपलटन ड्रेस. माप १२ ते २८, आणि प्रत्येक मापात छातीच्या उभाराप्रमाणे पुढचा भाग वेगवेगळा, कप सी-डी, ई-एफ, जी-एच. हे मोलाचं आहे, कारण मोठ्या कंपन्यांचा नेहमीचा पॅटर्न बी कपासाठी काढलेला असतो. छाती भरलेली असेल आणि बाईने छातीच्या मापाने मोठा नंबर घेतला, की खांदे उतरतात, गळा फाकतो, मुंढा लोंबतो. मग ती स्वतःच्या अंगाला दोष देते. दोष कागदाचा असतो, तुमचा नव्हे. कॅशमरेटने हे बायकांना सरळ सांगितलं आणि त्याभोवती हजारो बायका जमल्या. त्यानंतर मापांच्या तक्त्याबद्दल गप्प बसणं कुणालाच परवडेना, छोट्यांनाही नाही. बऱ्याच छोट्या मंडळींचे आधीचे पॅटर्न लहान मापातच संपायचे, तेव्हा वहिनींना सांगा की काळजीचा मक्ता काही एकट्या छोट्यांकडे नव्हता.

उलट एक गोष्ट कबूल करायला हवी. सिम्प्लिसिटीची ‘अमेझिंग फिट’ म्हणून मालिका होती, वेगवेगळ्या कपांचे सुटे भाग देणारी, आणि ती कॅशमरेटच्या कित्येक वर्षं आधीची. माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. मॅकॉल्स आणि बटरिकचेही ए ते डी कपांचे पॅटर्न असायचे. पामर-प्लेच जोडीने फिटिंगवर मॅकॉल्ससाठी वर्षानुवर्षं काम केलं. पण पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं वाचतं कोण? सांगणं तेच असतं, पण सांगणारी तुमच्यासारख्याच अंगाची बाई असेल आणि तिने तोच ड्रेस घातलेला असेल, तर ते कानात शिरतं.

छोट्यांमध्ये कच्चं कामही भरपूर आहे. चार वर्षं शिवलं, एक सॉफ्टवेअर घेतलं आणि दुकान उघडलं, असेही आहेत. मुंढ्याची गोलाई मागेपुढे सारखीच काढलेली मी पाहिली आहे! मोठ्यांकडे निदान जुन्या ड्राफ्टिंगवाल्यांचा हात असतो, मापाच्या रेषा एकमेकींना नीट जुळतात, खुणा जिथे हव्यात तिथे असतात. घेण्याआधी फोटो बाजूला सारून नुसतं रेषाचित्र पाहा, टक्स कुठे आहेत ते पाहा. तयार कपड्याचं माप दिलेलं नसेल तर घेऊच नका, मग कंपनी लहान असो की मोठी. आणि पहिल्यांदा जुन्या चादरीवर कापा. टोरांटोत चादरी स्वस्त मिळतात म्हणे जुन्या बाजारात.

मी पॅटर्नची फाइल विकत घेऊन प्रिंट काढली. कुर्ता सगळीकडून घट्ट झाला. माप तर बरोबर निवडलं होतं. – एक वाचक, नाशिक

प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला. प्रिंटर कडा सोडतो आणि चित्र थोडं आखडून घेतो. समजा ९७ टक्क्यांवर निघालं, तर ३६ इंचांची छाती ३५सुद्धा भरत नाही, आणि मुंढा, बाही, गळा सगळंच आखडतं. पहिल्या पानावर एक चौकोन असतो, एक इंचाचा किंवा पाच-दहा सेंटीमीटरचा. आधी तेवढंच पान काढा, पट्टीने मोजा, मग बाकीची. फाइल ए-फोरची आहे की अमेरिकन लेटर कागदाची तेही बघा.

आणि तीस-चाळीस कागद चिकटवत बसू नका हो. बहुतेक जण ए-झिरोची वेगळी फाइल देतात. एका ए-झिरोत सोळा ए-फोर बसतात. घरांचे प्लॅन छापणारी जी दुकानं असतात, आर्किटेक्टची माणसं जिथे रांग लावतात, तिथे ती फाइल द्या आणि ‘शंभर टक्के, काळी-पांढरी’ असं बजावून सांगा. पुण्यात मी ज्याच्याकडे जाते त्याने पहिल्यांदा नकाशा उलटा-सुलटा फिरवून विचारलं, ‘मॅडम, बंगला कुठे आहे?’

काकू, माझं कटोरी ब्लाऊजचं पेपर कटिंग आमच्या भागात नावाजलेलं आहे. २८ ते ४४ मापांचा संच करून त्याची फाइल विकावी असं मुलगा म्हणतो. पण एखाद्या मोठ्या कंपनीने ते उचललं तर? – एक वाचक, इचलकरंजी

तुमचं कटिंग एखादी कंपनी उचलेल याची काळजी सोडा, त्याआधी शेजारची गल्ली उचलेल. बाजारात खाकी कागदाचे ब्लाऊजचे तयार संच मिळतातच की.

मी वकील नाही, पण काउंटरवर हा विषय रोज निघायचा म्हणून एवढं ठाऊक आहे. अमेरिकेत कपड्याचा आकार ही वापरायची वस्तू मानतात, त्याला कॉपीराइट लागू होत नाही. छापलेला कागद आणि लिहिलेल्या सूचना मात्र तुमच्याच. आपल्याकडच्या कायद्यात असं आहे की नोंदणी करता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्यावरून यंत्राने ५०हून जास्त नग काढले, की त्यातला कॉपीराइट संपतो. म्हणून कुणी कटोरीचा आकार बघून स्वतः काढला तर तुम्ही फारसं काही करू शकणार नाही. तुमची फाइल जशीच्या तशी विकली तर करू शकाल. नीट सल्ला वकिलाचा घ्या.

मला भीती वेगळीच आहे. तुमचं ३४ किंवा ३६ उत्तम असणार, त्यावर तुमचं नाव झालंय. पण २८ आणि ४४? एका मापावरून पुढचं माप काढताना सगळीकडे सारखं वाढवलं की बिघडलं. छाती दोन इंचांनी वाढली तर घडीवरच्या पुढच्या भागात अर्धा इंच जातो, पण खांदा फार तर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, गळ्याची रुंदी त्याहून कमी. बाई जाड झाली म्हणून तिचे खांदे रुंद होत नाहीत. कटोरीत तर आणखी गंमत, खालच्या टक्सची खोली प्रत्येक मापाला बदलते. ४४च्या तीन बाया शोधा आणि त्यांच्या अंगावर शिवून बघा. छोट्या परदेशी मंडळींकडून शिकण्यासारखी एक गोष्ट हीच. विकायच्या आधी त्या वेगवेगळ्या अंगाच्या, अनोळखी बायकांना पॅटर्न देऊन शिवून घेतात आणि त्यांच्या तक्रारी ऐकतात. ओळखीच्या बायका खोटं बोलतात, ‘छान झालंय हो वहिनी’ म्हणून.

आणखी एक, दाब किती धरलाय ते ठळक लिहा. जर्मनीच्या आन्ने बुर्डांनी १९५०मध्ये मासिक काढलं, त्यातल्या पॅटर्नमध्ये दाब धरलेलाच नसतो, आपला आपण सोडायचा. अमेरिकन मोठ्या कंपन्या सगळीकडे पाच सूत धरतात. आणि आपण? बाजूच्या शिलाईत एक-दीड इंच सोडतो, पुढे उसवून सैल करायला. तुम्ही तो दीड इंच धरला असेल आणि नागपूरच्या बाईने पाच सुतावर टीप मारली, तर तिचा ब्लाऊज तिच्या जावेला होईल.

किंमत मुलाला ठरवू द्या, पण फुकट देऊ नका.

या सगळ्या मोठ्या कंपन्या म्हणजे एकच मालक आहे असं ऐकलं. आणि ती मोठी दुकानं बंद पडली म्हणे? – एक वाचक, डोंबिवली

बरोबर ऐकलंत. व्होगचे पॅटर्न १९६१पासून बटरिककडे होते, २००१मध्ये मॅकॉलने बटरिक घेतलं, २०१६-१७मध्ये आधी मॅकॉल आणि मग सिम्प्लिसिटी एकाच कंपनीत गेल्या. चार पाकिटं, चार कॅटलॉग, घर एक. मॅकॉलचा छापखाना मॅनहॅटनमध्ये होता, पण न्यूयॉर्कच्या नव्हे, कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटन गावात. मी तिथून आलेले खोके उघडायचे तेव्हा कितीतरी दिवस मला वाटायचं, अर्ध्या तासावरून आलेत.

२०२५मध्ये जोअ‍ॅन ही कापडाच्या दुकानांची साखळी दिवाळं काढून बंद झाली, सुमारे ८०० दुकानं. लेकीने फोनवर एक रिकामं दुकान दाखवलं. कापडाचे रूळ गेलेले, पॅटर्नचे लोखंडी ड्रॉवर तेवढे विकायला ठेवलेले. घरपोच फाइल विकणाऱ्यांना याचा फटका बसला नाही, कारण त्यांचं दुकान तिथे कधी नव्हतंच. पण ज्यांचा पसारा त्या ड्रॉवरवर उभा होता त्यांचं काय होणार, हे मी कुणाला विचारत नाही.

सासूबाई सत्तरच्या दशकात बोस्टनला होत्या. त्यांच्या ट्रंकेत अठरा पॅटर्नची पाकिटं सापडली. कागद इतका पातळ की हात लावायला भीती वाटते. टाकून देऊ? – एक वाचक, वाई

अजिबात नाही! आधी कारखान्याची घडी मोडलेली आहे का बघा. न मोडलेल्या पाकिटांना गिऱ्हाईक असतं, ती वेगळी ठेवा. कापलेली असतील तर कोणत्या मापावर कापलीत ते तपासा. त्या काळची पाकिटं बहुधा एकाच मापाची असतात, त्यामुळे तुम्हाला होणारं माप त्यात असेलच असं नाही. अंगाला होणारी असतील तर मूळ कागदावर टाचणी लावू नका. तो पसरून त्यावर इस्त्री फिरवा, अगदी कोमट आणि वाफ बंद, मग खाकी कागदावर उतरवून घ्या. उभ्या धाग्याची रेषा उतरवायला विसरू नका, सगळ्यात आधी तीच राहून जाते. कागद फाटला तर चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते.

आणि पाकिटाच्या मागे पेन्सिलीने काही लिहिलंय का पाहा. मी दुकान सोडलं तेव्हा भंगारातून एक सिम्प्लिसिटीचं जुनं पाकीट उचलून आणलं होतं. त्यावर कुणा अनोळखी बाईने बारीक अक्षरात लिहिलंय, ‘बाही एक इंच कमी कर. रविवारच्या आत.’